बंड्याची वही: शेल्टरमधल्या एका लॅब्रेडॉरच्या नोंदी

५ जून २०२५
काल संध्याकाळी आलेला लॅब्रेडॉर. नाव बंड्या, रंग फिका पिवळा, लसीकरणाच्या पुस्तकाप्रमाणे वय सात वर्षं. घरचे परदेशी निघाले, नातेवाइकांत कुणी ठेवून घेईना, म्हणून पुण्याबाहेरच्या या आमच्या शेल्टरवर. सोबत स्टीलचं भांडं, लाल पट्टा, एक जुनी सतरंजी आणि अर्धं पोतं कोरडं खाद्य. वजन ३३ किलो ४०० ग्रॅम.

रात्रीचं खाणं तसंच पडलेलं, सकाळचंही. पाणी थोडं प्यायला. पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून, हनुवटी फरशीवर टेकवून पडून आहे. समोरून कुणी गेलं की फक्त डोळे फिरतात, मान हलत नाही. शेजारच्या पिंजऱ्यांतली गावठी कुत्री दिवसभर गळा काढतात, यानं अजून आवाज काढलेला नाही. इथे काम करणारे मामा म्हणाले, "ताई, हा लई गप आहे. भुंकणारा परवडला." मामांचा जन्म कुत्र्यांत गेलाय. त्यांनी ‘गप’ म्हटलं की मी वहीत वेगळं पान उघडते.

७ जून
कालच्या नोंदीत कॉलेजच्या एका मुलीनं लिहिलंय, ‘बंड्या फार डिप्रेस्ड आहे, घरच्यांसाठी झुरतोय.’ पोरीचं मन चांगलं आहे, पण या वहीत हे चालणार नाही. ‘झुरतोय’ वाचलं की पुढचा माणूस पिंजऱ्यात डोकावतो, ‘अरेरे’ म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. खाल्लं किती, उठला कधी आणि कशासाठी, शी-शू कशी, पंजे चाटले का, माणूस आल्यावर काय केलं, ते लिहायचं. ‘शेपटी खाली’ एवढंही पुरत नाही. पोटाखाली दाबलेली की नुसती लोंबणारी? घाबरलेल्या कुत्र्याची दाबलेली असते, कान मागे असतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, मधूनच जांभया आणि ओठ चाटणं चालू असतं. बंड्याची शेपटी लोंबते. बाकी काहीच नाही, आणि मला घोर लागलाय तो त्या ‘काहीच नाही’चाच.

तरी घाई नको. शेल्टरमध्ये नव्यानं आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात चढलेलं असतं, हे अमेरिकेत १९९७ सालीच मोजून झालंय. नव्या पाहुण्याबद्दल इतक्यात मत बनवायचं नाही.

११ जून
मूठभर भाताच्या वर खाणं जात नाही. वजन ३२ किलो १००. आज डॉक्टर मॅडम आल्या.

कानाच्या पाळीमागे आणि पुढच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड. हिरड्या फिक्या. ताप १०३.६ (कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ धरतात). रक्त काढताना त्यानं पाय मागेसुद्धा घेतला नाही. सुई शिरताना फक्त कपाळाची कातडी जरा हलली. मॅडमना ते मुळीच आवडलं नाही. निरोगी लॅब्रेडॉर एवढा शहाणा नसतो, म्हणाल्या. प्लेटलेट ७८ हजार, जे एरवी दोन लाखांच्या वर हवेत. किटवर एर्लिकिया पॉझिटिव्ह, म्हणजे गोचीड ताप. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे हा घरोघरी. खाणं सुटणं, मलूल पडणं, फिरायला नको म्हणणं ही सगळी लक्षणं या एका आजारातही बसतात. दातदुखी, कंबरेचा सांधा, मूत्रपिंड, थायरॉइड, कशातही बसतात.

जपानच्या हाचिको कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. शिबुया स्टेशनवर वारलेल्या मालकाची नऊ-दहा वर्षं वाट पाहून १९३५ मध्ये गेला, विरहानं गेला. जपून ठेवलेल्या त्याच्या अवयवांची २०११ मध्ये टोकियोत तपासणी झाली, तेव्हा हृदय-फुप्फुसात कॅन्सर आणि शिवाय फायलेरियाचे कृमी निघाले. वाट तो पाहत असेलच, पण आजारीही होता. कॉलेजच्या मुलांना आज हे सांगितलं. थोडी हिरमुसली.

थायरॉइडची तपासणी मॅडमनी मुद्दाम पुढे ढकलली. अंगात दुसरा आजार असताना तो आकडा उगाच कमी येतो आणि मग नको ती गोळी चालू होते.

१२ जून
डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक गोळी, २८ दिवस. पोटात अन्न असतानाच द्यायची, नाहीतर उलटी. आणि अन्न तर हा घेत नाही. मामांनी बिनहळदीचं, बिनमिठाचं चिकनचं पाणी काढून त्यात भात शिजवला आणि भांड्याऐवजी केळीच्या पानावर वाढला. निम्मा गेला. भांड्याचा आवाज नको असेल, मामांचा तर्क. आता पानच.

दारावर पाटी लावली: घरचं उरलेलं आणू नये. परवा कुणीतरी बिर्याणी आणली होती. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि याच्या अंगात आधीच रक्त कमी.

२० जून
ताप गेला. खाणं पाऊण झालं. हिरड्या गुलाबी. वजन ३२ किलो ३००. आता खरा प्रश्न, कारण बाकी पान जूनच्या पहिल्या आठवड्यासारखंच आहे. पट्टा दाखवला तर उठतो, गेटपर्यंत येतो, कुठल्याही खांबाला नाक न लावता परत फिरतो. चेंडू अंगावरून घरंगळत गेला तरी पाहत नाही. दुपारभर झोप. रात्री मात्र मामांना तो जागाच दिसतो. डाव्या पंजाची वरची बाजू चाटून चाटून ओली आणि तांबूस.

मॅडमचं वाक्य जसंच्या तसं: "रक्त सुधारतंय, कुत्रा नाही."

माणसाच्या नैराश्याचं निदान त्याला विचारून होतं, कुत्र्याला विचारता येत नाही. म्हणून डॉक्टर मंडळी हा शब्द जपून वापरतात. पण आजार हटल्यावरही ज्यात एरवी जीव रमतो त्या प्रत्येक गोष्टीतून कुत्रा अंग काढून घेत असेल, तर उपचार त्याचाही करायचा, नाव काहीही द्या. आजपासून या पानाचा प्रकल्प झाला.

२४ जून
घरच्यांचा व्हिडिओ कॉल. मी आधी नको म्हणत होते, पण तिकडे मुलगा रडतोय, असं घरच्या बाई म्हणाल्या. फोनमधून "बंडू" अशी हाक आली आणि बंड्या ताडकन उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कान पुढे आले. फोनला त्यानं नाकसुद्धा लावलं नाही, सरळ गेटवर गेला. गजांतून बाहेर बघत, एक पाय उचलून उभा. फोन कधीच बंद झाला होता, तो अंधार पडेपर्यंत तिथेच. रात्रीचं खाणं जसंच्या तसं परत.

एका प्रसंगावरून सिद्धांत मांडायचा नसतो. पण कॉल बंद, हे मी ठरवलं. त्यांना दर रविवारी फोटो पाठवू. कॉलनं मुलाला बरं वाटलं असेल, आमचं काम बंड्याला बरं वाटण्याचं आहे.

बोलता बोलता त्या बाईंनी एक गोष्ट सहज सांगितली, जी कागदावर कुठेच नव्हती. घरात एक म्हातारी पॉमेरेनियन होती, बंड्या पिल्लू असल्यापासून तिच्याच पाठीला लागून झोपायचा, तिच्याच ताटलीतलं खायचा. ती एप्रिलमध्ये गेली. "तेव्हापासूनच जरा शांत झाला होता, आम्हाला वाटलं वय झालं."

म्हणजे आधी सोबत गेली, मग माणसं, मग घर, आणि त्यावर गोचीड ताप. दाखल करून घेताना भरायच्या फॉर्मवर आजच नवा रकाना टाकला: घरात दुसरा प्राणी होता का, तो आता कुठे आहे.

२७ जून
काल रात्री वाचत बसले. इटलीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ४२६ कुत्रेवाल्यांना विचारलं होतं, सगळ्यांच्या घरी दोन किंवा जास्त कुत्री, त्यातलं एक गेलेलं. ८६ टक्के लोकांनी मागे राहिलेल्यात बिघाड झाल्याचं सांगितलं: माणसाला जास्त चिकटणं, खेळ कमी, झोप जास्त, आणि साधारण एक तृतीयांश कुत्र्यांचं खाणं कमी. किती वर्षं एकत्र राहिले याचा फारसा संबंध दिसला नाही. नातं कसं होतं आणि अन्न वाटून खात होते का, याचा दिसला. एका ताटलीतलं खाणं! (अर्थात हे मालकांनी सांगितलेलं, आणि मालक स्वतःही शोकात. तेवढं लक्षात धरूनच वाचायचं.)

दुसरं वाचन जास्त कामाचं, पण वाचताना पोटात ढवळतं. १९६७ चे पेनसिल्व्हेनियातले सेलिगमन आणि मायर यांचे प्रयोग. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, काही केलं तरी न थांबणारे. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं की मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. बरीच कुत्री ओलांडायला उठलीच नाहीत, तिथेच पडून सोसत राहिली. पन्नास वर्षं सगळे म्हणत आले की ती कुत्री हतबलता शिकली. २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरचा पुढचा अभ्यास पाहून मांडणी फिरवली: लांबलेल्या त्रासात गप पडून राहणं ही मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते उलट, की आपण काही केलं तर काहीतरी बदलतं.

त्या कुत्र्यांवर जे केलं ते मला कुठल्याच हिशेबात पटत नाही. पण हाती आलेलं फेकूनही देणार नाही. आमच्याकडे बंड्याच्या दिवसात असं एकही काम नाही, जे त्यानं केल्यामुळे काही घडतं. अन्न आम्ही आणतो, दार आम्ही उघडतो, फिरायची वाट आमची, कुरवाळायचं कधी तेही आम्हीच ठरवतो. आपण सगळे त्याचे लाड करतोय आणि त्याच्या हातात काहीच ठेवलेलं नाही.

ठरलं ते असं. वेळा पक्क्या: खाणं, फिरणं, अंगण रोज त्याच वेळी आणि शक्यतो त्याच दोन माणसांकडून. त्या वेळांच्या आत मात्र निवड त्याची. गेटबाहेर डावीकडे कालवा, उजवीकडे माळ. दोराची लांबी ढिली ठेवून थांबायचं, तो वळेल तिकडे. कुरवाळायचं तर छातीवर तीन सेकंद, आणि हात काढून घ्यायचा. पुढे सरकला तर परत, नाहीतर नाही. आणि दुपारी भुरीचं दार उघडं ठेवायचं. भुरी इथली जुनी कुत्री, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवं पिल्लू आणून ‘सोबत’ करून द्या, हा सल्ला रोज कुणीतरी देतं. आधीच खचलेल्याच्या अंगावर दातांनी कान ओढणारं पिल्लू सोडायचं, हे मला कधी समजलेलं नाही.

३ जुलै
द्रोणांचा खेळ. पळसाचे द्रोण उपडे मांडायचे, थोड्यांखाली उकडलेल्या अंड्याचा तुकडा, बाकी रिकामे. पहिले काही दिवस मामांनी त्याच्यादेखत द्रोण उचलून दाखवले तरी ढिम्म. आज भुरीनं येऊन एक उलथवला आणि गट्ट केलं. बंड्या पाहत होता. ती गेल्यावर आला, पहिल्या द्रोणाच्या कडेनं नाक फिरवलं, फूंकरीनं द्रोण जरासा सरकला, तसा दचकून मागे. मग पुन्हा. नाकपुड्या इतक्या जोरात चालल्या की द्रोणाचं पान थरथरत होतं. दुसऱ्याखाली अंडं मिळालं. मामा तोंडावर हात ठेवून उभे. टाळ्या वाजवायच्या नाहीत असं त्यांना आधीच बजावलं होतं.

हुंगणं हे कुत्र्याचं खरं काम. २०१९ मध्ये डुरांटन आणि होरोवित्झ या दोघींनी वीस पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे वास शोधायचा सराव, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी नीट चालायचा. वासवाला गट नंतरच्या चाचणीत जास्त आशावादी निघाला. ती चाचणी आपल्यालाही जमेल. मोठ्या पडवीत जागा आहे.

१० जुलै
गोळ्यांचा कोर्स संपला. प्लेटलेट २ लाख १० हजार.

मनावरच्या औषधाची चर्चा झाली, कारण एका व्हॉलंटियरनं विचारलं. फ्लुओक्सेटिन कुत्र्यांना देतात. अमेरिकेत २००७ पासून एकटेपणाच्या अस्वस्थतेसाठी त्याला मंजुरी आहे, ट्रेनिंगच्या जोडीनंच. असर दिसायला काही आठवडे लागतात. मॅडमचं म्हणणं, खाणं पुन्हा सुटलं किंवा पंजा चाटून जखम झाली तर विचार करू, तूर्त नको. माणसांच्या कपाटातली गोळी कुणीही स्वतःच्या मनानं द्यायची नाही. दुखण्याची तर अजिबातच नाही, आयबुप्रोफेननं कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही जातात.

१४ जुलै
कालव्यापलीकडच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला. संध्याकाळी सात ते नऊ. बंड्या पुन्हा मागच्या भिंतीला, आज शेपटी दाबलेली आणि धाप. गंमत अशी की मला हे पान पाहून थोडं बरंच वाटलं. भीती ही निदान प्रतिक्रिया आहे. पथकाच्या पोरांना जाऊन भेटले. सराव ती थांबवणार नाहीत, आणि का थांबवावा? तोंड मात्र दुसऱ्या बाजूला करून बसायचं कबूल केलं. आमच्याकडून संध्याकाळचं फिरणं पाच वाजता, सातनंतर बंड्या धान्याच्या खोलीत, जिथे पोत्यांच्या थप्प्यांनी आवाज मरतो. दार उघडंच. जायचं की नाही ते त्यानं बघायचं.

१९ जुलै
भांड्यांची चाचणी. ब्रिस्टल विद्यापीठानं २०१० मध्ये शेल्टरच्या २४ कुत्र्यांवर केली होती, त्याची ही आमची गरिबाची आवृत्ती. डावीकडे ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाणं, उजवीकडच्यात कधीच नाही. वासावरून कळू नये म्हणून दोन्हींना चिकनचं पाणी चोळलेलं. डावीकडे झपकन आणि उजवीकडे रेंगाळत जायला लागला की शिकला. मग एकदाच भांडं मधोमध ठेवायचं. मध्ये काय असेल? आशा असलेला कुत्रा धावतो. ब्रिस्टलला, एकटं ठेवल्यावर ज्यांचा जास्त थयथयाट होत होता, ती कुत्री मधल्या भांड्याकडे सावकाश गेली होती.

बंड्या डावं-उजवं चांगलं शिकला, लॅब्रेडॉरच तो. मधल्या भांड्याकडे त्यानं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. घड्याळ बंद केलं. याची तुलना दुसऱ्या कुत्र्याशी करायची नाही, भूक आणि सांधे दोन्ही आड येतात. महिन्यानं त्याची त्याच्याशीच.

२७ जुलै
लसीच्या पुस्तकात आजची जन्मतारीख. व्हॉलंटियर मंडळींनी फुगे, टोप्या आणि केक आणला. मी यायच्या आत पंधराएक माणसं त्याच्याभोवती ‘हॅपी बर्थडे’ म्हणत होती. फोटोत बंड्या ‘हसतोय’: तोंड मागे ताणलेलं, जीभ चमच्यासारखी टोकाला रुंद, कान चिकटलेले. हे हसू नव्हे. दोन दिवस द्रोणांकडे फिरकला नाही. केकात चॉकलेट नव्हतं, एवढीच देवाची कृपा. नवी पाटी: बंड्याकडे एका वेळी एकच माणूस.

३ ऑगस्ट
कोथरूडचे काका-काकू त्याला दोन रात्री घरी घेऊन गेले होते. कायमचं नाही, नुसता मुक्काम. अमेरिकेतल्या पाच शेल्टरांत २०७ कुत्र्यांवर हे करून पाहिलंय. मुक्कामाच्या रात्री कॉर्टिसॉल उतरलं, परतल्यावर पहिल्या पातळीवर आलं, पण त्याच्या वर गेलं नाही. मला भीती होती ती याचीच, की आशा लावून परत आणलं तर जास्त खचेल.

काकांची नोंद, त्यांच्याच अक्षरात: ‘रात्री दहा ते पहाटे साडेपाच सलग झोप. कुशीवर, चारी पाय लांब करून. घोरतो. काकूपेक्षा कमी.’ काकूंची खाली: ‘स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. पोळ्या होईपर्यंत हलला नाही. मागितली मात्र नाही.’

परत आल्यावर अर्धा दिवस मलूल. संध्याकाळी भुरीच्या मागे माळावर गेला आणि एका बाभळीला पाच मिनिटं हुंगत राहिला. पुढच्या शनिवारी पुन्हा मुक्काम.

१६ ऑगस्ट
थायरॉइड नॉर्मल. वजन ३३ किलो ९००, म्हणजे आता आवरतं घ्यायला हवं. पंजावर केस आलेत. भांड्यांची चाचणी: मधल्या भांड्याकडे गेला. धावला बिवला नाही. मध्ये थांबून एकदा उजवीकडे मान वळवली, मग चालत जाऊन तोंड घातलं. रिकामं होतं, नियमच तसा. त्यानंतर त्यानं ते भांडं नाकानं ढकलत पडवीच्या टोकापर्यंत नेलं आणि पायऱ्यांवरून खाली पाडलं. याला कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरेना. ‘इतर’ मध्ये लिहिलं.

२५ ऑगस्ट
काका-काकू ठेवून घेतो म्हणताहेत. परवा गणपती बसणार, कोथरूडात मांडव, स्पीकर, सगळंच. मी सांगितलं, विसर्जन होऊ द्या. काकू नाराज, "प्रसादाला तो नाही का मग?" नाही. मोदकातल्या बेदाण्यांमुळेही नाही. बेदाणा-द्राक्षं कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक, हे त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

८ सप्टेंबर
आज गेला. सोबत लाल पट्टा, सतरंजी, द्रोणांचा गठ्ठा आणि दीड पान सूचना. वेळा आहेत तशाच ठेवायच्या. पहिला आठवडा पाहुणे नकोत. फिरताना घाई करायची नाही, हुंगू द्यायचं. खाणं सलग दोन वेळा सोडलं तर ‘रुसलाय’ म्हणून बसून न राहता आधी ताप पाहायचा आणि गोचीड शोधायचे, कारण एकदा झालेला हा ताप पुन्हा होऊ शकतो. काका दोघांपैकी एक जण तरी घरी असेल असं म्हणाले. मी म्हटलं, ते नको. एकटं राहायचं रोज थोडं थोडं शिकवा, आधी पाच मिनिटं, मग पंधरा.

भुरीचं पान आजपासून उघडलंय. दुपारी दार उघडं ठेवलं तर ती त्याच्या पिंजऱ्यापर्यंत गेली, आत हुंगून परत आली, संध्याकाळी पूर्ण जेवली. पंधरा दिवस नोंद ठेवू.

पुढची कामं: बंड्याची रक्त तपासणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. दिवाळीच्या फटाक्यांसाठी मॅडमशी आधीच बोलायचं, औषध लागलंच तर आवाज सुरू व्हायच्या आधी पोटात जायला हवं. दाखल फॉर्मच्या नव्या रकान्याच्या शंभर प्रती झेरॉक्स. द्रोण संपलेत.